शाळेच्या आवारातील माशांचा हौद : उंची, बांधणी व निगा

विहिरीशेजारी गुरांना पाणी पाजण्यासाठी बांधलेला हौद खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. त्याची भिंत किती उंच असावी, हे गवंड्याने कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नसते. बैलाने मान खाली घातली की त्याचे तोंड पाण्याला लागावे आणि वासरू मात्र आत पडू नये, एवढाच त्याचा हिशेब असतो. ज्याच्यासाठी हौद बांधावयाचा त्याचे माप आधी घ्यावे, ही साधी गोष्ट शाळेच्या बागेत माशांचे तळे करताना बहुधा विसरली जाते. बागेच्या एका कोपऱ्यात खड्डा खणतात, कडेने चुन्याने रंगविलेले दगड मांडतात आणि चार मासे सोडून मोकळे होतात. धावणारी मुले गुडघे टेकून त्यात डोकावतात. चाकाच्या खुर्चीवर बसून येणाऱ्या मुलीला मात्र केवळ दगडांची ओळ दिसते. पाणी दिसत नाही. कुबडी घेऊन चालणाऱ्या मुलाला खाली बसता येते, पण पुन्हा उठताना दुसऱ्याचा हात मागावा लागतो, म्हणून तो खाली बसतच नाही. अंध मुलाला तर त्या बाजूस कोणी जाऊच देत नाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शाळेची इमारत अडथळ्यांविना सर्वांना गाठता आली पाहिजे असे ठरविले, आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने ती जबाबदारी अधिक स्पष्ट केली. त्यामुळे बहुतेक शाळांच्या पायऱ्यांशेजारी आता उतरता मार्ग झालेला दिसतो. पण तो मार्ग वर्गाच्या दाराशी संपतो. बाग, प्रयोग आणि सृष्टिनिरीक्षण ही त्या दाराबाहेरची शाळा होय, आणि तेथे अद्याप पुष्कळ मुले प्रेक्षकच आहेत. जमिनीतील तळे जर साठ सेंटिमीटर वर उचलले, तर प्रेक्षक असलेले मूल त्याच तळ्याचे राखणदार होऊ शकते. पुढील विवेचन मोताळा तालुक्यातील जमीन, पाणी आणि ऊन ध्यानात घेऊन केले आहे.

जागा व पाया

बुलढाण्याहून राजूर घाट उतरले म्हणजे मोताळ्याचा प्रदेश लागतो. घाटाच्या पायथ्याशी मुरूम वर असतो, तर पूर्णेच्या खोऱ्याकडे जावे तसा काळ्या मातीचा थर जाड होत जातो. हौद बांधणाऱ्याने हा भेद प्रथम ओळखला पाहिजे. काळी चिकण माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर सरळ उभारलेला हौद पहिल्याच वैशाखात तडकतो, मग त्यात सिमेंट कितीही घातलेले असो. म्हणून काळी माती शक्य तेथवर काढून टाकावी. मुरूम फार खोल असेल तर निदान अर्धा मीटर खणून त्यात मुरूम भरावा, पाणी शिंपडून थराथराने तो धुम्मसाने ठोकून घ्यावा आणि त्यावर पाया घ्यावा. या कामी गावातील अनुभवी गवंड्याचा शब्द शिक्षकाने मानावा. घरांच्या पायांचा अनुभव त्याच्या हातात असतो.

जागा निवडताना सावलीचा विचार करावा लागतो. जमिनीतील तळ्याला भोवतालच्या मातीचा गारवा मिळतो; उंच हौदाच्या चारही भिंतींना मात्र ऊन आणि झळ लागते, आणि त्यामुळे त्याचे पाणी लवकर तापते. हा उंच हौदाचा खरा दोष होय व तो मान्य करूनच पुढे जावे. इमारतीच्या पूर्वेकडील बाजू, जेथे दुपारनंतर भिंतीची सावली पडते, ती जागा उत्तम. झाडाखालची सावली मोहक असली तरी लिंबाची किंवा चिंचेची पाने सतत पाण्यात पडून कुजतात. झाडच जवळ असेल तर हौदावर बांबूचा मांडव घालून त्यावर वेल चढवावा.

वर्गापासून हौदापर्यंतची वाट हा बांधकामाचाच भाग समजावा. काळ्या मातीत आषाढ-श्रावणात चाके रुततात आणि कुबडीचे टोक आत जाते. त्या वाटेने जाणारे मूल दोनदा अडकले की तिसऱ्यांदा जात नाही. वाट १२० सेंटिमीटर रुंद, मुरूम ठोकून वर फरशी किंवा कोबा केलेली असावी. ओट्यावरून उतरताना उंचीच्या बारा पट लांबीचा उतार ठेवावा, म्हणजे ओटा ४५ सेंटिमीटर उंच असेल तर उतार ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब होईल. हौदाभोवती चाकाची खुर्ची पूर्ण वळविता यावी यासाठी दीड मीटर मोकळी सपाट जागा पाहिजे. हौद जवळ आल्याचे अंध मुलाला पायांनीच कळावे म्हणून त्याच्याभोवतीचा हातभर रुंदीचा पट्टा खडबडीत दगडांचा ठेवावा.

विटा रचून पाहण्याचा पाठ

सिमेंट कालविण्यापूर्वी एक दिवस खास राखून ठेवावा. त्या दिवशी विटा न जोडता नुसत्या रचून ठरलेल्या जागी भिंतीचा एक तुकडा उभा करावा आणि वर फळी टाकावी. मग शाळेतील मुलांना एकेक करून तेथे बोलवावे. पहिलीचे सर्वांत ठेंगणे मूल, सातवीचे उंच मूल, खुर्चीवरचे मूल, कुबडीचे मूल असे सर्व यावेत. फळीपलीकडे पाण्याने भरलेले घमेले ठेवून त्यात प्रत्येकाचा हात पोहोचतो की नाही हे पाहावे. न पोहोचल्यास विटांचा एक थर काढावा किंवा वाढवावा. खुर्चीवरच्या मुलीने खुर्ची हौदाला समांतर लावून बाजूने हात टाकून पाहावा. पुष्कळदा खुर्चीचा हात आणि कट्टा एका पातळीत आले की काम सोपे होते. या मापांची नोंद मुलांनीच करावी. सरासरी काढण्याचा पाठ येथे आपोआप होतो. आणि सरासरीला बांधलेली भिंत सर्वांत ठेंगण्या मुलाच्या उपयोगी पडत नाही, हा सरासरीचा तोटाही मुलांना येथेच कळतो.

बहुतेक शाळांत हे माप ५० ते ६० सेंटिमीटरच्या दरम्यान निघते. पुढील हिशेबासाठी ६० धरले आहे. पण पुस्तिकेतील आकडा आणि मुलांचे माप यांत फरक पडल्यास मुलांचे माप खरे मानावे.

बांधणी

हौद आतून २ मीटर ४० सेंटिमीटर लांब आणि १ मीटर २० सेंटिमीटर रुंद असावा. याहून अधिक रुंदी घेऊ नये, कारण दोन्ही बाजूंनी हात टाकले तरी मध्यभागी कोणाचाच हात पोहोचणार नाही. आतील खोली ६० सेंटिमीटर, आणि काठापासून १० सेंटिमीटर खाली जादा पाण्याची नळी. म्हणजे पाणी ५० सेंटिमीटर राहील. त्याचे घनफळ १.४४ घनमीटर, म्हणजे १,४४० लिटर होते. एवढ्या पाण्याचे वजन जवळजवळ दीड टन भरते, हे मुलांना सांगितले म्हणजे पाया एवढा कशासाठी हा प्रश्न उरत नाही.

तळाशी जाळी घालून १५ सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट करावे. भिंती एका विटेच्या, म्हणजे २३ सेंटिमीटर जाडीच्या, सिमेंटच्या मसाल्यात बांधाव्यात. आतील कोपरे काटकोनात न ठेवता गोल करावेत; कोपऱ्यातूनच पाणी झिरपते आणि तेथेच गाळ साचतो. आतील गिलावा घोटून गुळगुळीत करावा. तळाला एका बाजूस किंचित उतार देऊन तेथे निचऱ्याची नळी व बुच बसवावे आणि तिचे तोंड भाजीच्या वाफ्याकडे काढावे. दोन्ही नळ्यांवर बारीक जाळी असलीच पाहिजे. तिचे कारण पुढे येईल.

वरचा कट्टा ३५ सेंटिमीटर रुंद व गोल कडांचा असावा. कुबडीवाल्या मुलाला त्यावर बसता येते, आणि लहान मुलाला त्यावरून ओणवे होऊन तोल जाण्याइतके पुढे वाकता येत नाही. खुर्ची लावण्याच्या एका जागी मात्र कट्टा भिंतीइतकाच अरुंद ठेवावा, नाहीतर त्या मुलीचा सारा हात कट्टा ओलांडण्यातच खर्च होईल.

सुरक्षिततेविषयी येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पन्नास सेंटिमीटर पाण्यात लहान मूल बुडू शकते, आणि तेही आवाज न करता. पाण्याच्या पृष्ठभागाखाली १० सेंटिमीटरवर लोखंडी जाळी सळ्यांच्या आधाराने पक्की बसवावी. ती मुलाचे वजन पेलेल एवढी मजबूत असावी. तिच्या वरच्या पाण्यात सर्व मुलांचे हात खेळू शकतात आणि मासे जाळीतून वर-खाली करतात. जाळीचा एक भाग बिजागरीचा ठेवून त्याला कुलूप लावावे व किल्ली शिक्षकाजवळ असावी. आवारात अंगणवाडी भरत असेल तर जाळी असूनही कुंपण व फाटक हवेच. जेथे जाळीचा खर्च झेपणार नाही तेथे हौद बांधू नये. जाळी पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणून काम सुरू करणे हा निष्काळजीपणा होय.

सिमेंटचा क्षार आणि लोणारचे पाणी

काम दिवाळीनंतर, विहिरींना पाणी असताना करावे. नव्या सिमेंटातून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी इतके अल्कधर्मी होते की त्यात सोडलेले मासे काही वेळातच मरतात. नवा हौद बांधून उत्साहाने दुसऱ्याच आठवड्यात मासे सोडणाऱ्या शाळांना हा अनुभव हमखास येतो, आणि मुले मात्र मासेच रोगी होते असे समजून बसतात. गिलावा पक्का होण्यासाठी हौदात पाणी साठवावे लागतेच. तेच पाणी पहिली धुणी समजावी. ते वाफ्यात न सोडता मुरमावर सोडावे. त्यानंतर आठवड्याच्या अंतराने आणखी दोनदा थोडे पाणी भरून भिंती काथ्याने घासून काढाव्यात.

पाणी निवळले की नाही हे पाहण्यासाठी हळद पुरेशी आहे. हळद पाण्यात कालवून तीत कोऱ्या कागदाच्या पट्ट्या भिजवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. अल्कधर्मी पाण्यात पिवळी पट्टी तांबूस होते. साध्या पाण्यात पिवळीच राहते. चुन्याच्या निवळीत, साबणाच्या पाण्यात, हौदाच्या पाण्यात आणि पावसाच्या पाण्यात एकेक पट्टी बुडवून मुलांनी वहीत चिकटवावी. बुलढाणा जिल्ह्यातील मुलांना या पाठासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. लोणारच्या सरोवरात पाणी भरपूर आहे, पण मासे नाहीत. ते खारे आणि तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्यात केवळ तेथे राहण्यास सरावलेले सूक्ष्म जीवच वाढतात. जून २०२० मध्ये त्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेही क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळेच. जीव जगण्यास पाणी असणे पुरेसे नाही, ते कसे आहे हेही पाहावे लागते, हे लोणारची सहल करून आलेल्या मुलाला हळदीच्या एका पट्टीने पटते.

धुऊन झालेला हौद उन्हाळाभर रिकामा ठेवावा. काळ्या मातीच्या हालचालीने तडा जावयाचा असेल तर तो याच काळात जातो आणि पावसाळ्यापूर्वी तो बुजविता येतो.

भरावयाचे पाणी कोठून आणावे

ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे शाळेने माशांसाठी विहिरीचे दीड हजार लिटर पाणी घेतले तर गावकऱ्यांनी नाराज होणे योग्यच ठरेल. मोताळ्याजवळ नळगंगेवर धरण आहे; परंतु धरणाजवळचे गाव आणि टंचाईचे गाव यांत पुष्कळदा काही कोसांचेच अंतर असते. म्हणून हौद पावसाने भरावा. शाळेच्या ५० चौरस मीटर छपरावर ३० मिलिमीटर पाऊस पडला तर १,५०० लिटर पाणी मिळते, म्हणजे हौदापुरते पाणी एखाद्या चांगल्या पावसात उतरते. पहिल्या सरींबरोबर छपरावरची धूळ व पक्ष्यांची विष्ठा येते, ते पाणी बाहेर सोडावे आणि नंतरचे पन्हाळीतून हौदात घ्यावे.

पावसाच्या पाण्याचा आणखी एक गुण आहे. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असते. ती माणसाला हितकर पण माशांना घातक. तिच्यातील क्लोरीन माशांचे कल्ले जाळते. नळाचे पाणी घालावे लागलेच तर ते उघड्या पिंपात दोन दिवस उन्हात ठेवून मग घालावे. मासे मरण्याचे हे दुसरे नित्याचे कारण आहे आणि तेही सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पाणी स्वच्छच दिसत असते.

पाणी भरल्यावर त्यात प्रथम वनस्पती लावाव्यात : कुंडीत लावलेले कुमुद आणि पाण्यात बुडून वाढणारी हायड्रिला. जलपर्णी कितीही सुंदर फुलली तरी आणू नये. ती साऱ्या पाण्यावर पसरते आणि बाहेर गेल्यास ओढे-तळी व्यापते. वनस्पती रुजल्यावर चार ते सहा आठवडे थांबून मग थोडे मासे सोडावेत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो व तो विषारी असतो. त्याचे निरुपद्रवी क्षारांत रूपांतर करणारे जिवाणू हौदाच्या भिंतींवर, कुंड्यांवर आणि वाळूत हळूहळू वाढतात. मासे थोडे व अन्न थोडे ठेवले तर त्यांना वाढण्यास अवकाश मिळतो.

कोणते मासे

रोहू, कटला हे मासे शाळेच्या हौदासाठी नव्हेत; ते हातभर वाढतात. गप्पी हा बोटाच्या पेराएवढा मासा येथे योग्य आहे. रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी या गृहस्थांनी १८६६ मध्ये त्रिनिदाद बेटातून त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठविले, त्यांचे नाव त्याला चिकटले. आज महाराष्ट्रातील आरोग्य खाते डासांच्या अळ्या खाण्यासाठी हेच मासे पाळते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे विचारणा केल्यास ते बहुधा मिळू शकतात. आरंभी वीस-पंचवीस पुरेत. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते. महिन्याच्या सुमारास एक वेत होते आणि त्यात वीस-तीस पिल्ले असू शकतात. मोठे मासे पिल्ले खातात, म्हणून लपण्यास हायड्रिला हवीच.

मात्र गप्पी हा आपल्या नद्यांतील मासा नव्हे. तो नळगंगेत किंवा ओढ्यात गेला तर तेथील लहान माशांच्या अन्नात व जागेत वाटेकरी होतो. नळ्यांवरच्या जाळ्या यासाठीच. जास्त झालेले मासे ओढ्यात सोडण्याची दयाबुद्धी मुलांना अनावर होते. ते आरोग्य केंद्राला परत द्यावेत किंवा गावातील सिमेंटच्या टाक्यांत सोडावेत.

पहिला पाठ असा घेता येईल. काचेच्या दोन बरण्यांत हौदाचे पाणी घेऊन प्रत्येकीत डासांच्या वीस अळ्या सोडाव्यात. एकीत दोन गप्पी मासे ठेवावेत, दुसरीत ठेवू नयेत व तिच्या तोंडावर मलमलीचे फडके बांधावे. अर्ध्या तासाने, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना अळ्या मोजाव्यात. दुसऱ्या बरणीत काही दिवसांत अळीचा कोष व कोषाचा डास होतो. डेंग्यू पसरविणारा डास उन्हाळी हवेत आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढतो. आठवड्याचा कोरडा दिवस का पाळावयाचा, याचे उत्तर त्या बरणीत दिसते. प्रयोग संपताच फडके न सोडता बरणीतील डास मारून टाकावेत. पाठासाठी वाढविलेले डास गावात सोडणे बरे नव्हे.

निगा, आणि ती कोणी राखावी

येथे पुष्कळ सद्भावी शिक्षकही चुकतात. खुर्चीवर बसणाऱ्या मुलीला ते नोंदवही देतात आणि बाकीच्यांना हौदाचे काम देतात. ती बसल्या जागी लिहील, असा त्यांचा हेतू असतो. पण मग भिंत साठ सेंटिमीटर वर उचलली कशासाठी? पाळीप्रमाणे तिनेही खाद्य घालावे, कुजलेले पान काढावे, बादलीतून तांब्यातांब्याने पाणी ओतावे. आणि जो सर्वांत चपळ आहे त्याने त्या दिवशी वही लिहावी.

पाण्याची पातळी मोजण्यासाठी एक सागवानी काठी घेऊन तिच्यावर दर सेंटिमीटरला खाच पाडावी व दर पाचव्या खाचेशी गोल डोक्याचा खिळा ठोकावा. अंध मूल काठी तळाला टेकवून ओल्या भागाची कड बोटाने शोधते आणि खिळे मोजून पातळी सांगते. डोळसांनी आकडा रंगवून घेण्याचा आग्रह धरू नये. सर्वांनी बोटानेच मोजावे. पाणी गार आहे की तापले आहे, हेही आधी हाताने सांगून मग तापमापक पाहावा. कुमुदाच्या पानाची वरची व खालची बाजू हाताला निराळी लागते. डोळे असणाऱ्या मुलांना हे बहुधा प्रथमच कळते.

खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. शालेय पोषण आहाराच्या वेळी मुले प्रेमाने खिचडीची शिते हौदात टाकतात. दोन दिवसांत पाण्याला वास येतो आणि मासे तोंडे वर काढू लागतात. हा नियम वर्गात शंभरदा सांगण्यापेक्षा जेवणाची पंगत हौदापासून दूर बसविणे सोपे. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडे उघडझाप करीत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी झाला आहे असे समजावे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो; ३५ अंशांच्या पाण्यात सुमारे ७. उन्हाळ्यात माशांची गरज वाढते आणि साठा घटतो. अशा वेळी हौदातलेच पाणी तांब्याने उंचावरून पुन्हा हौदात ओतावे. पडणारे पाणी हवा बरोबर घेऊन जाते. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्या मुलांना भिंतीवरून हौदात कोसळणारे पाणी आठवेल. पंपाची व विजेची गरज नाही, आणि मुलांच्या ओल्या हातांजवळ वीज नसलेली बरी.

पाणी हिरवे झाले म्हणून हौद उपसून घासून काढू नये. त्या घासण्याने उपयोगी जिवाणू जातात व पंधरा दिवसांत पाणी पुन्हा हिरवे होते. ऊन आणि खाद्य कमी करावे, कुमुदाची पाने अर्ध्याहून अधिक पृष्ठभाग झाकू द्यावीत. महिन्यातून एकदा पाचवा हिस्सा पाणी तळाच्या नळीतून वाफ्यात सोडावे. मेथी आणि पालक त्यावर चांगले पोसतात. हौदात हात घातलेल्या प्रत्येक मुलाने साबणाने हात धुवावेत, आणि हाताला जखम असेल त्याने त्या दिवशी वही सांभाळावी.

उन्हाळ्याची सुट्टी

हौदाची खरी परीक्षा मे महिन्यात होते. उघड्या हौदातील पाणी त्या दिवसांत रोज सुमारे एक सेंटिमीटर आटते. या हौदाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ २.८८ चौरस मीटर. म्हणजे रोज सुमारे २९ लिटर, दोन बादल्या. पाणी आहे ५० सेंटिमीटर. मग कोणी पाहिले नाही तर हौद किती दिवसांत कोरडा पडेल? हे उदाहरण परीक्षेपूर्वी फळ्यावर घालावे. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा काही दिवस उशिरा उघडतात, हे मुलांना ठाऊकच असते. उत्तर आणि सुट्टीचे दिवस शेजारी लिहिले की वर्ग गप्प होतो. शिवाय पाणी अर्धे झाले म्हणजे मासे अर्धे उरतात असे नाही. उथळ पाणी अधिक तापते आणि त्यातील मळ दाट होतो. हौद आटण्याच्या कितीतरी आधी मासे संपतात.

म्हणून मार्चमध्येच शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय घ्यावा आणि शाळेजवळची दोन घरे नक्की करावीत. पैकी एक घर लग्नकार्याला गावी गेले तर दुसरे असते. मांडवावर गोणपाट टाकून सावली वाढविल्यास आटणे पुष्कळ कमी होते आणि दोन बादल्यांच्या जागी कधी एकच पुरते. ती बादलीही पिण्याच्या पाण्याची असण्याचे कारण नाही. टीसीएल नसलेले विहिरीचे पाणी चालते, मात्र साबणाचे सांडपाणी कदापि नको. त्या वर्षी टंचाई तीव्र असेल तर हट्ट न धरता मासे जाळीने काढून आरोग्य केंद्राला द्यावेत, दहा-बारा मासे सावलीतल्या एका रांजणात कोणाच्या तरी अंगणात ठेवावेत, उरलेले पाणी झाडांना द्यावे आणि हौद पावसापर्यंत कोरडा ठेवावा. अर्धवट पाण्याचा, मासे मेलेला हौद सुट्टीभर उघडा राहिला तर शाळेनेच गावात डासांची पैदास केल्यासारखे होईल. ज्या शाळेला उन्हाळ्यापुरती दोन घरे मिळत नाहीत, तिने हौदाचा बेत तूर्त बाजूला ठेवावा.

घर ठरविताना खुर्चीवरच्या मुलीचे किंवा अंध मुलाचे घर जवळ असेल तर त्यांना अवश्य विचारावे. सहानुभूती म्हणून नव्हे, वर्षभर त्यांनी पाळी केली आहे म्हणून. शेवटच्या दिवशी जाळीचे कुलूप तपासून किल्ली मुख्याध्यापकांनी आपल्याजवळ ठेवावी. खाद्याची डबी, तांब्या, खाचांची काठी आणि नोंदवही त्या घरी पोहोचती करावी व वहीच्या नव्या पानावर त्या दिवसाची पातळी तेथेच, त्या मुलाच्या हाताने मोजून, लिहून घ्यावी.